मजकुरावरून इनम शोधताना: लखनौ एक, स्टेशनं दोन

इनम म्हणजे ठरलेल्या, मोजक्या नावांची यादी, हे आपण पाहिलंच आहे. आज उलटा प्रवास. फाइलमधून किंवा फॉर्ममधून नुसता मजकूर आला आहे. त्यावरून यादीतला नेमका कॉन्स्टंट कसा गाठायचा?

उदाहरण मी राहतो त्या लखनौचंच घेऊ. चारबागला दोन स्टेशनं अगदी शेजारी-शेजारी आहेत. मोठं उत्तर रेल्वेचं, कोड एलकेओ. दुसरं पूर्वोत्तर रेल्वेचं लखनौ जंक्शन, कोड एलजेएन. इथले लोक त्याला ‘छोटी लाइन’ म्हणतात. मुंबईची पुष्पक वर्षानुवर्षं या छोट्या लाइनवरून सुटत आली आहे. नुसतं ‘लखनौ’ वाचून प्रोग्रॅमने पहिला कोड उचलला, तर प्रवासी बॅगा घेऊन भलत्याच फलाटावर उभा!

जावात इनम 2004 साली आला, सोबत व्हॅल्यूऑफ ही तयार मेथड घेऊन. ही मेथड म्हणजे कडक पहारेकरी. परवलीचा शब्द अक्षरन् अक्षर जुळला तरच आत. शेवटी एक स्पेस राहिली किंवा कॅपिटलऐवजी स्मॉल अक्षर आलं, की थेट इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन. कडकपणाला माझी हरकत नाही, उभी नोकरी त्यातच गेली. अडचण अशी की हा पहारेकरी कॉन्स्टंटचं नाव तपासतो. ते नाव आपण आपल्या सोयीने ठेवलेलं असतं. बाहेरून येणारा कोड मात्र दुसऱ्याच्या हातात असतो, आणि तो बदलतो.

मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस 1996 मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं. 2017 मध्ये नावात ‘महाराज’ आलं आणि सीएसटीएम हा कोड सीएसएमटी झाला. आमच्या उत्तर प्रदेशातलं मुगलसराय 2018 मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झालं. एमजीएस गेलं, डीडीयू आलं. कोडलाच कॉन्स्टंटचं नाव केलं असेल, तर अशा प्रत्येक वेळी सगळा प्रोग्रॅम उकरा. आणि एवढं करूनही जुन्या तिकिटांच्या नोंदी वाचता येणार नाहीत ते वेगळंच.

म्हणून कोड हे कॉन्स्टंटच्या आत वेगळं फील्ड ठेवा, आणि जुने कोडही त्याच्याच नावावर नोंदवा. मग सगळ्या कॉन्स्टंटवरून एकदाच फिरून मॅप भरा: कोड दिला की कॉन्स्टंट हाती. हा मॅप कन्स्ट्रक्टरमध्ये भरायला जाऊ नका. कॉन्स्टंट आधी तयार होतात, स्टॅटिक मॅप नंतर, कंपायलरच अडवतो. स्टॅटिक ब्लॉकमध्ये भरा. एकच कोड दोघांना दिला गेला असेल, तर तिथेच एक्सेप्शन फेका. नाहीतर दुसरी नोंद पहिलीला गुपचूप पुसून टाकते. पायथनवाल्यांचं काम सोपं: गोल कंस मूल्यावरून शोधतो, चौकोनी कंस नावावरून.

कोड सापडलाच नाही तर? रिकामा ऑप्शनल परत द्या आणि समोरच्याला विचारा. अंदाजाने कुठलातरी कॉन्स्टंट देणं मला मुळीच पटत नाही.

मजकूर देवनागरीत असेल तर आणखी एक गोम आहे. मराठीत ‘लखनौ’, हिंदीत ‘लखनऊ’. दोन्ही रूपं नोंदवावी लागतात. ‘कऱ्हाड’ची गंमत तर डोळ्यांना दिसतच नाही. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणून येतो, किंवा र आणि नुक्ता असा जोडीनेही. पडद्यावर दोन्ही सारखे, पण इक्वल्स ‘नाही’ म्हणतं. मॅप भरताना आणि शोधताना, दोन्ही वेळा मजकूर आधी नॉर्मलायझरच्या एनएफसी रूपातून काढा.