एका दोरीची सव्वीस वर्षं

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टचा मोटार कारखाना जनरल मोटर्सने 1982 मध्ये बंद केला, तेव्हा कंपनीत फारशी हळहळ झाली नाही. पाचातला एक कामगार खाडा करायचा. कामावर दारू चालायची. दाराच्या पत्र्याआड कोकच्या बाटल्या सोडल्या जायच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्याला कायमचा खुळखुळाट! युनियनच्या तक्रारींचा ढीग वेगळाच.

दोन वर्षांनी कुलूप उघडलं ते टोयोटाच्या भागीदारीत, 'नुमी' या नावाने. आपली पद्धत अमेरिकी कामगारांच्या हातात चालते का, हे टोयोटाला अजमावायचं होतं. चांगली छोटी गाडी कशी बनते, हे जनरल मोटर्सला. भरती मात्र बहुतांशी जुन्याच मंडळींची झाली. युनियनही तीच.

काही तुकड्या जपानमधल्या ताकाओका कारखान्यात शिकायला गेल्या. तिथे त्यांनी लाइनवर टांगलेली दोरी पाहिली. फ्रीमॉन्टचा जुना शिरस्ता एकच होता: काहीही बिघडो, लाइन थांबवायची नाही; चुकलेली गाडी पुढे ढकलायची, दुरुस्ती मागाहून. ताकाओकात उलट. बोल्ट नीट बसला नाही की कामगाराने दोरी ओढायची. धून वाजते, टीम लीडर धावत येतो, दोघं मिळून अडचण सोडवतात. नाहीच सुटली तर लाइन थांबते. ओरडणारं कुणी नसतं. नुमीत पाच-सहा जणांच्या टीम झाल्या, आपापलं काम कसं करायचं हे त्या स्वतःच मोजून लिहून काढू लागल्या. साहेब आणि कामगार एकाच कॅन्टीनमध्ये जेवू लागले. खाडे दोन-तीन टक्क्यांवर आले.

पण दोरीमागे एक करारही होता, आणि लेखाजोखा मांडताना नेमका तोच विसरला जातो. धंदा बसला तर आधी वरिष्ठांचे पगार कापायचे, बाहेर दिलेली कामं आत आणायची. कामगार कपात सर्वांत शेवटी. 1988 मध्ये नुमीत बनणाऱ्या शेवरले नोव्हाचा खप घसरला तेव्हा कुणालाही घरी न पाठवता रिकाम्या हातांना प्रशिक्षण दिलं गेलं. चूक दाखवली म्हणून नोकरी जाणार नाही, ही खात्री पटल्यावरच माणूस दोरीला हात घालतो.

टीकाकारही होते. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर यांनी या पद्धतीला ताणावर चालणारं व्यवस्थापन म्हटलं. त्यात तथ्य होतं. लाइनवर उसंत उरलीच नव्हती.

जनरल मोटर्सने हाच प्रयोग लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसला करून पाहिला. दोऱ्या टांगल्या, पण साहेबांचा जीव गाड्यांच्या आकड्यातच अडकलेला. लाइन थांबलेली त्यांना खपेना. 1992 मध्ये तो कारखाना बंद पडला.

2009 मध्ये दिवाळखोरीत गेलेली जनरल मोटर्स नुमीतून बाहेर पडली. 1 एप्रिल 2010 ला शेवटची कोरोला लाइनवरून उतरली आणि सुमारे 4,700 जणांचं काम गेलं. त्याच वर्षी टेस्लाने ही जागा विकत घेतली. 2012 पासून तिथे मॉडेल एस बनू लागली, पण या खेपेला कारखान्यात युनियन नव्हती.