प्रिंट निघते, मग स्कॅन का जात नाही?

छत्रपती संभाजीनगरातील एका कार्यालयाने आम्हांला हा प्रश्न विचारला होता. तेथे जुना सर्व्हर काढून नवा बसवला होता, मोठा प्रिंटर मात्र जुनाच ठेवला होता. प्रत्येक टेबलावरून पाठवलेला कागद नीट छापून येई. पण त्याच यंत्रावर स्कॅन केलेली पत्रे सर्व्हरवरील फोल्डरमध्ये काही केल्या पोहोचेनात. यंत्र एक, केबल एक, मग एक काम होते आणि दुसरे होत नाही, हे कसे? शाळेतले दाखले आणि निकालपत्रके अशाच रीतीने साठवली जातात, म्हणून या प्रश्नात थोडे खोल शिरू.

छपाईच्या वेळी प्रिंटरचे काम मुख्यतः ऐकण्याचे असते. संगणक पानाचे वर्णन तयार करून प्रिंटरच्या पत्त्यावर पाठवतो. हा पत्ता म्हणजे १९२.१६८.१.५० अशासारखे चार आकडे. वाड्याला अनेक दारे असावीत तशी एका पत्त्यावर अनेक क्रमांकांची दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. बहुतेक प्रिंटर छपाईचा मजकूर ९१०० क्रमांकाच्या दाराने आत घेतात आणि तेथे सहसा कोणी नावगाव विचारत नाही. पत्ता बरोबर असला की झाले. तो बदलू नये एवढे मात्र पाहावे. राऊटरने वाटलेला पत्ता उसना असतो. दिवाळीच्या सुट्टीत प्रिंटर बंद राहिला तर परत आल्यावर त्याला दुसराच पत्ता मिळू शकतो. म्हणून राऊटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवतात.

स्कॅन करताना भूमिका उलटतात. आता प्रिंटर पाहुणा आणि सर्व्हर यजमान. प्रिंटर सर्व्हरच्या ४४५ क्रमांकाच्या दारावर जातो. तेथे नाव सांगावे लागते, परवलीचा शब्द द्यावा लागतो आणि त्याही आधी दोघांची बोली जुळावी लागते. या बोलीला एसएमबी म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती रचली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. (ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी तारेतून जाणारे संदेश न्याहाळून ही बोली उलगडली. त्यातून झालेला ‘साम्बा’ हा मुक्त प्रोग्रॅम आजही असंख्य सर्व्हरांवर चालतो.)

भेटीच्या आरंभी प्रिंटर आपल्याला येणाऱ्या आवृत्त्या सांगतो आणि सर्व्हर त्यांतली एक निवडतो. जुन्या प्रिंटरला पहिलीच आवृत्ती येते. नव्या सर्व्हरवर ती बंद असते. संभाषण तिथेच संपते. गंमत अशी की प्रिंटरच्या पडद्यावर नुसते ‘जोडणी झाली नाही’ एवढेच येते आणि माणसे दिवसभर परवलीचा शब्द पुन्हापुन्हा टाकत बसतात! वास्तविक गोष्ट त्या शब्दापर्यंत गेलेलीच नसते.

अशा वेळी कोणीतरी सल्ला देतो, ‘सर्व्हरवर पहिली आवृत्ती चालू करा.’ तसे केले की स्कॅन लगेच जाऊ लागते, म्हणूनच हा सल्ला घातक आहे. ती आवृत्ती बंद का झाली ते पाहा. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्यातील एका मोठ्या भगदाडावर दुरुस्ती दिली. ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्या संगणकांत १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ शिरला. ब्रिटनमधील रुग्णालयेही त्यातून सुटली नाहीत. त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्यानेही पसरण्यासाठी इतर वाटांबरोबर हेच भगदाड वापरले. वाळूजच्या कारखान्यांचा माल ज्या न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो, तेथील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे संगणक त्या दिवशी कोलमडले आणि कंटेनरांचे काम हाताने करण्याची पाळी आली. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत एसएमबीची पहिली आवृत्ती मुळातच बसवलेली नसते. भगदाड बुजवले तरी ही बोली जुनाट आहे. पुढे आलेले संदेश गुप्त ठेवण्याचे उपाय तिच्यात नाहीत. एका प्रिंटरसाठी साऱ्या कार्यालयाच्या फायली तिच्या भरवशावर ठेवणे आम्हांला पटत नाही.

मग करायचे काय? आधी उत्पादकाकडे नवे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत बसवलेली नवी आज्ञावली, मिळते का पाहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच प्रिंटर दुसरी किंवा तिसरी आवृत्ती शिकतो. ते नसेल तर स्कॅन ई-मेलने पाठवावे किंवा पेनड्राइव्हवर घ्यावे. एफटीपीची सोय असते, पण तिच्यात परवलीचा शब्द उघडाच प्रवास करतो.

कोणताही मार्ग धरला तरी प्रिंटरसाठी सर्व्हरवर वेगळे खाते उघडावे आणि त्याला फक्त ‘स्कॅन’ या एकाच फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा द्यावी. मुख्य व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द प्रिंटरला दिलेला आम्ही अनेक ठिकाणी पाहतो. तो शब्द यंत्राच्या स्मृतीत साठून राहतो आणि यंत्र भंगारात विकले, तर त्याच्याबरोबर जातो.