देश तसा वेश: मॅक्रोफेज पेशींची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तोंडओळख करून घेतली. शेवटी प्रश्न आला होता, की मॅक्रोफेज म्हणजे जंतू खाणारी पेशी, एवढं शाळेत शिकवलंय, त्यात आणखी सांगण्यासारखं काय? आजचं सगळं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे असं धरून चला.

मॅक्रोफेज या नावाचा अर्थ 'मोठी खाणारी'. मराठी पुस्तकांत महाभक्षी पेशी असा शब्द सापडतो. गोष्ट सुरू होते १८८२ साली, सिसिली बेटावरच्या मेसिना गावात. इल्या मेचनिकॉव्ह नावाचे प्राणिशास्त्रज्ञ तिथे तारामाशाच्या अळ्या पाहत होते. या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात. त्यांनी एका अळीत काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतात तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. शरीर स्वतःचं रक्षण करायला काही पेशींना धावत पाठवतं, ही कल्पना तिथून आली आणि १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच १८८२ सालच्या मार्चमध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. या दोन शोधांची गाठ आपण पुढे घालणार आहोत.

त्यानंतर जो तो आपापल्या अवयवात या पेशी पाहत गेला आणि वेगवेगळी नावं देत गेला. यकृतातल्या त्या कुप्फर पेशी, मेंदूतल्या मायक्रोग्लिया, हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट. नावं इतकी वेगळी, की हे सगळं एकच घराणं आहे हे कळायलाही वेळ गेला. १९७० च्या सुमारास एक सुटसुटीत चित्र तयार झालं: अस्थिमज्जेत मोनोसाइट तयार होतात, रक्तातून फिरतात, अवयवात शिरतात आणि तिथे मॅक्रोफेज बनतात. पुस्तकांत पुढची चाळीस वर्षं हेच चित्र छापलं गेलं. ते खोटं नाही, पण फार अपुरं आहे.

आता आपण फुफ्फुसात जाऊ आणि तिथे जरा रेंगाळू, कारण मुद्दा तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

आपल्या फुफ्फुसांत ३० ते ५० कोटी वायुकोश आहेत. प्रत्येक वायुकोश म्हणजे इवलासा फुगा. त्याच्या आतून स्निग्ध पदार्थांचा एक पातळ थर असतो, सर्फॅक्टंट म्हणतात त्याला. तो साबणाच्या पाण्यासारखं काम करतो. तो नसेल तर फुगे मिटून चिकटतील. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास घेताना त्रास होतो तो बहुतेक वेळा याच थराच्या कमतरतेमुळे. हा थर सतत तयार होत राहतो. मग जुना कुठे जातो? त्यातला बराचसा वायुकोशातल्या मॅक्रोफेज खातात. म्हणजे या पेशीचं रोजचं काम जंतू मारणं हे नव्हेच. तिचं रोजचं काम तेलकट थर साफ करणं. जंतू अधूनमधून येतो, सर्फॅक्टंट मात्र रोजच असतो.

हे काम तिला शिकवतं कोण? फुफ्फुसच. वायुकोशाच्या अस्तरातल्या पेशी जीएम-सीएसएफ नावाचं प्रथिन सोडतात. त्या संदेशाने मॅक्रोफेजमधली स्निग्ध पदार्थ पचवण्याची यंत्रणा चालू होते. १९९४ मध्ये संशोधकांनी हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले. अपेक्षा होती की त्यांच्या रक्तपेशी कमी होतील. रक्त जवळजवळ ठीकच निघालं, पण फुफ्फुसं तुंबली! माणसांत हाच आजार १९५८ पासून माहीत होता. वायुकोशांत दुधाळ द्रव साठत जातो आणि धाप लागते. पुढे कळलं की यातल्या बहुतेक रुग्णांच्या शरीरात जीएम-सीएसएफच्या विरुद्धच प्रतिपिंडं तयार झालेली असतात. संदेश पोचत नाही, मॅक्रोफेज जागेवर असूनही उपाशी माणसासारख्या बसून राहतात, थर साचतो. डॉक्टर भूल देऊन एक फुफ्फुस मिठाच्या पाण्याने धुऊन काढतात. बाहेर येणारं पाणी खरोखर ताकासारखं दिसतं. आता हेच प्रथिन वाफाऱ्यासारखं श्वासातून देण्याचाही उपचार आहे.

प्लीहेचं, म्हणजे पाणथरीचं काम निराळं. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हातारी झाली की तिला खाऊन टाकायचं आणि आतलं लोह परत द्यायचं, हे तिथल्या मॅक्रोफेजचं काम. सेकंदाला वीसेक लाख पेशी अशा बदलल्या जातात. दिवसाला २० ते २५ मिलिग्रॅम लोह या मार्गाने परत येतं. जेवणातून शरीरात शोषलं जातं ते फक्त एक-दोन मिलिग्रॅम. पालक-गुळाचं महत्त्व आहेच, पण रोजचा मोठा पुरवठा या भंगारवाल्यांकडून होतो. हृदयात तर या पेशी विजेच्या वहनाला हातभार लावतात. २०१७ मध्ये उंदरांच्या हृदयात त्या स्नायूपेशींना जोडलेल्या आढळल्या.

आतड्यातली गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. पलीकडे अब्जावधी जीवाणू आहेत आणि भिंत अगदी पातळ. तिथली मॅक्रोफेज प्रत्येक जीवाणू दिसला की आरडाओरडा करू लागली तर आपण जेवू शकणार नाही. म्हणून ती खाते, पण गाजावाजा न करता. इंटरल्यूकिन-१० नावाचा एक शांत राहण्याचा संदेश तिला मिळत असतो. तो संदेश ऐकण्याची सोयच जन्मतः नसलेल्या काही बाळांना तान्हेपणीच आतड्याचा भयंकर दाह होतो. २००९ मध्ये हे कारण सापडलं. इथे जाता जाता एक बोलून घेतो: 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशा जाहिरातींचा काळ आहे. अशा वेळी आपण विचारावं, कोणत्या अवयवातली? आतड्यातली वाढली तर पंचाईतच आहे.

आता उगमाकडे. २०१० मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं, की मेंदूतल्या मायक्रोग्लिया अस्थिमज्जेतून आलेल्याच नाहीत. गर्भ अगदी कोवळा असताना त्याला लागून बलकाची पिशवी असते, तिथे त्या जन्मतात, मेंदूत शिरतात आणि जवळजवळ आयुष्यभर स्वतःच स्वतःची संख्या राखतात. आतड्यात उलट आहे, तिथे रक्तातून सतत नवी भरती चालू. यकृत, फुफ्फुस यांचं मधलं काहीतरी.

मग पेशीला घडवतं कोण, घराणं की घर? २०१४ मध्ये उंदराच्या पोटाच्या पोकळीतल्या मॅक्रोफेज काढून फुफ्फुसात सोडल्या. त्यांची जनुकं वापरण्याची पद्धत बरीचशी फुफ्फुसी झाली. दोन वर्षांनी आणखी नेमका प्रयोग झाला. मॅक्रोफेज नसलेल्या फुफ्फुसात बलकाच्या पिशवीतल्या, गर्भातल्या आणि प्रौढ अस्थिमज्जेतल्या पेशी वेगवेगळ्या सोडल्या. तिन्ही छान रुळल्या, थर साफ करू लागल्या. यकृतात मुरलेल्या मॅक्रोफेज मात्र तिथे नीट रुळल्या नाहीत. आपल्याकडेही लहान वयात गाव बदललं तर पोर महिन्याभरात तिथली बोली उचलतं, चाळिशीत ते जड जातं. घर घडवतं, पण कोवळेपणी.

त्वचेचं एक उदाहरण तर आपल्या आजीच्या हातावर आहे. गोंदण वर्षानुवर्षं टिकतं ते का? शाई त्वचेतल्या मॅक्रोफेज गिळतात आणि ती पचत नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी गोंदलेल्या उंदरांतल्या या पेशी मारून टाकल्या. गोंदण तसंच राहिलं! मेलेल्या पेशीतून सुटलेली शाई नवी पेशी तिथल्या तिथे गिळते. शाई राहते, धरणारे हात बदलतात.

आता कॉख यांच्या जंतूकडे. जगातले सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत, म्हणून हा भाग आपल्या घरचा आहे. श्वासातून आलेला क्षयाचा जंतू बहुधा पहिल्यांदा वायुकोशातल्या मॅक्रोफेजच्या पोटात जातो, आणि तिथेच मुक्काम ठोकतो. पेशीनेच त्याला गिळलंय, मग तो मरत का नाही? मघाचं आठवा. ही पेशी सगळा दिवस स्निग्ध पदार्थ पचवते आणि धुळीच्या प्रत्येक कणावर भडकू नये असं तिला घडवलंय. क्षयाच्या जंतूला स्निग्ध पदार्थच हवे असतात. २०१८ च्या उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं, की वायुकोशातल्या पेशींत जंतू जास्त वाढतात. रक्तातून नव्याने आलेल्या, साखर जाळणाऱ्या मॅक्रोफेज त्यांना अधिक आवर घालतात. वायुकोशातल्या पेशी काढून टाकल्या तर उंदरांतले जंतू कमी झाले. तेच फुफ्फुस, शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन मॅक्रोफेज, आणि एक जंतूचं घर तर दुसरी त्याचा तुरुंग.

काढून टाकणं हा माणसातला उपाय नाही, धुलाईवाल्या रुग्णांचं काय होतं ते आपण पाहिलं. पण पेशीच्या खाण्याच्या सवयीचा उपयोग करता येतो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत क्षयाची औषधं श्वासातून घेता येतील अशा बारीक कणांत भरण्यावर काम झालं आहे. कणाचा आकार असा ठेवायचा, की तो वायुकोशापर्यंत पोचेल आणि मॅक्रोफेज त्याला जंतू समजून गिळेल. म्हणजे जंतू जिथे लपलाय, औषध थेट त्याच पोटात. प्राण्यांवर त्याची तपासणी झालेली आहे. आता प्रश्न घेऊ या.