मधला निरोप्या

पूर्वी दारात तार आली, की आधी घरात रडारड होई आणि मग ती उघडली जाई. तारा-टेलिफोनच्या खात्यात मी ३६ वर्षे काढली. तेव्हा वाईट बातमी कशी धावत येते हे मला चांगले ठाऊक आहे. पण खुशालीची चार अक्षरे पोचायला कधी कधी केवढा खटाटोप पडतो, हे मात्र मला निवृत्तीनंतर कळले. तेही माझ्या आत्यामुळे!

माझी आत्या परंडा तालुक्यात सीनेकाठच्या एका खेड्यात राहते. वय नव्वदीच्या घरात, पण आवाज अजून खणखणीत. तिच्या घरी मोबाईल आहे. मात्र तो लागतो फक्त तुळशीवृंदावनाच्या उजव्या अंगाला. तिथून वीतभर इकडे सरकले की आवाज तुटतो, आणखी वीतभर सरकले की परत येतो. "तुळशीची कृपा," असे आत्या म्हणते. त्या कृपेचा अर्थ मला पुढे समजला.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले. सीना पात्र सोडून शेतांतून, घरांतून फिरू लागली. परंडा तालुक्यात पुराने वेढलेल्या माणसांना बाहेर काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. आम्ही पुण्यात बसून त्या बातम्या पाहत होतो आणि मी घटकेघटकेला आत्याचा फोन फिरवत होतो. उत्तर एकच – संपर्क क्षेत्राच्या बाहेर! वीज गेलेली, आणि विजेपाठोपाठ गावाजवळचा मनोराही मुका झालेला. सौभाग्यवतींनी देवापुढे नंदादीप लावला. मी नुसत्या येरझाऱ्या घालीत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तासाभराच्या अंतराने, तीन निरोप आले.

पहिला बार्शीहून, एका अनोळखी गृहस्थाचा. "तुमचे लोक सुखरूप आहेत. आजीबाईंना दवाखान्यात हलवलंय." आमच्या छातीत धस्स झाले. सुखरूप आहेत तर दवाखाना कशाला?

दुसरा परंड्याहून, तिथल्या दुकानदाराचा. "आजींना शाळेत हलवलंय. बाकी सगळे बरे आहेत."

आता खरे काय? शाळा की दवाखाना? सौभाग्यवती दवाखाना धरून बसल्या, मी शाळा. तेवढ्यात तिसरा निरोप आला. तो निरोप नव्हताच. माझ्या आतेभावाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण होते. कुणी तरी ते आपल्या फोनवर घेऊन, गावाबाहेरच्या टेकाडावर चढून पुढे धाडले होते. त्यात पावसाचा आवाज इतका, की निम्मे शब्द वाहून गेलेले. आम्ही ते अकरा वेळा ऐकले. अकराव्या वेळी स्पष्ट ऐकू आले – "शाळेत". आणि पाठीमागून आत्याचा खणखणीत सूर – "त्याला म्हणावं, काळजी करू नको."

त्या रात्री आम्ही दोघे जेवलो.

पुण्याला माझ्या त्या आतेभावाची मुलगी शिकते. बिनतारी संदेशवहनात तिचे पदव्युत्तर शिक्षण चालले आहे. बापाचा आवाज ऐकायला ती रात्रीच धावत आली. डोळे पुसून झाल्यावर तिने ती सारी हकीकत पुन्हा एकदा विचारून घेतली आणि म्हणाली, "काका, माझ्या प्रबंधाचा विषय आज तुमच्या घरी येऊन बसला की!"

"तो कोणता?"

"सहकारी निरोप्ये आणि पुष्कळ अँटेना."

मी हसलो. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने असतात, बँका असतात, दूधसंघ असतात. निरोप्येही सहकारी असतात हे नवीनच होते.

पुढे माघात आम्ही दोघे परंड्याला गेलो. वाटेत दौंड लागले. मी तिला खिडकीतून म्हटले, "पोरी, तुझ्या बिनतारीचे हे एक जुने क्षेत्र बरे का!" १९२७ साली विलायतेशी बिनतारी तारा सुरू झाल्या, तेव्हा प्रक्षेपण करणारे केंद्र खडकीला होते आणि संदेश झेलणारे केंद्र इथे, दौंडला. दोन्ही एका जागी का नव्हती? उत्तर सोपे आहे. ओरडणाऱ्याच्या कानाशी बसून दुरून येणारी कुजबुज ऐकता येत नाही!

"काका, आमच्या निरोप्याचे पहिले दुखणे हेच," ती म्हणाली. "मधल्या यंत्राला एकाच लहरीवर, एकाच वेळी ऐकता आणि बोलता येणे महाकठीण. म्हणून ते आधी ऐकते, मग बोलते. एका कामाला दोन वेळा लागतात, म्हणजे वेग निम्म्यावर येतो. निरोप्या ठेवायचा तर ही किंमत मोजावी लागते."

"मग ठेवायचाच कशाला?"

"ते किल्ल्यावर सांगते."

परंड्याचा किल्ला भुईकोट आहे. खंदकाने वेढलेला, दुहेरी तटाचा. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ इथे मांडली होती. विजापूरला ज्या मुलूख-मैदान तोफेपाशी आपण मुले उभी करून फोटो काढतो, ती १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, पुढे परंड्याच्या बुरुजावर बसलेली आणि १६३२ मध्ये विजापूरला गेलेली. आजही तटावर कितीतरी तोफा पडून आहेत. त्यांतल्या एकीवर हात ठेवून पोरीने मला पाठ दिला. तो जसा मला समजला तसा सांगतो.

मनोऱ्याकडून निघालेली लहर सरळ एका वाटेने येत नाही. काही भाग थेट येतो, काही तटावर आपटून येतो, काही झाडावर, काही पत्र्यावर. या लाटा आपल्यापाशी एकत्र येतात. शिखरावर शिखर आले तर आवाज खणखणीत. एकीच्या शिखरावर दुसरीची दरी आली तर दोघींचे मिळून शून्य! ९०० मेगाहर्ट्झची लहर घेतली तर तिची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे फुटाहून थोडी जास्त. शिखरापासून दरी त्याच्या निम्म्यावर. तेव्हा वीतभर सरकल्याने फोन लागतो नि तुटतो यात नवल नाही. आत्याची तुळस म्हणजे लाटांचे शिखर!

आता समजा, एका वाटेवर दहांत एकदा अशी दरी लागते. आपल्याला एकच वाट असेल तर दहांत एक निरोप बुडाला. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन वाटा असतील, तर दोन्ही एकदम बुडण्याचा प्रसंग शंभरांत एकदा. तीन असतील तर हजारात एकदा. आणि प्रक्षेपकाचे बळ दहापट वाढवले तर? एकवाटी निरोपाच्या चुका साधारण दहापट घटतात, दोन वाटांच्या शंभरपट, चार वाटांच्या दहा हजारपट. नुसते मोठ्याने ओरडण्यापेक्षा वाटा वाढवणे किती शहाणपणाचे, ते या हिशेबावरून दिसते.

वाटा वाढवायच्या दोन युक्त्या. एक, यंत्राला एकाऐवजी अनेक अँटेना देणे. बोलणाऱ्याला दोन तोंडे नि ऐकणाऱ्याला दोन कान दिले, की दोन दुणे चार वाटा. शिवाय लहरी ज्यांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतात असे अडथळे आसपास पुष्कळ असतील तर दोन तोंडांनी दोन वेगळ्या गोष्टी एकदम सांगता येतात आणि दोन कान त्या निवडून घेतात. म्हणजे त्याच लहरीवर काम दुप्पट. आपल्या हातातल्या मोबाईलमध्ये आज अशा दोन-दोन, चार-चार अँटेना लपलेल्या असतात.

ही दुसरी करामत ज्यांच्या नावावर आहे ते दोघेही भारतीय, आणि आमच्या पुण्याचा त्यांच्यावर थोडा हक्क आहे. थॉमस कैलाथ १९३५ साली पुण्यातच जन्मले आणि १९५६ मध्ये पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन अमेरिकेला गेले. आरोग्यस्वामी पॉलराज खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकून नौदलात शिरले. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आपली 'खुकरी' ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. पाण्याखालची चाहूल घेणारे आपले कान कमी पडले होते. ते कान तीक्ष्ण करण्याचे काम पॉलराजांकडे आले. एका कानाऐवजी अनेक कान रांगेने लावायचे आणि त्यांनी ऐकलेले हिशेबाने जुळवायचे, ही विद्या त्यांनी तिथे कमावली. पुढे ते स्टॅनफर्डला कैलाथांकडे गेले आणि १९९२ मध्ये दोघांनी एकाच लहरीवर अनेक प्रवाह नेण्याच्या युक्तीच्या पेटंटासाठी अर्ज केला. १९९४ मध्ये ते मिळाले. पॉलराजांना २०१४ साली मार्कोनी पारितोषिक लाभले. म्हणजे आज तुमच्या मुठीतल्या फोनमध्ये समुद्रतळाशी गेलेल्या एका नौकेची आठवणही थोडी दडलेली आहे.

दुसरी युक्ती मधल्या निरोप्याची. अँटेना वाढवायला यंत्र लहान पडत असेल, तर शेजाऱ्याची अँटेना उसनी घ्यायची! जमिनीलगत लहरीचे बळ फार वेगाने ओसरते. पुष्कळदा अंतर निम्मे केले की ते सोळापटीपर्यंत वाढते. तेव्हा अर्ध्या वाटेवर कुणी निरोप घेऊन पुढे दिला तर वेळ दुप्पट लागूनही सौदा परवडतो. या त्रिकोणी संभाषणाचे गणित १९७१ मध्ये व्हॅन डर म्यूलेन यांनी मांडले, १९७९ मध्ये कव्हर आणि एल गमाल यांनी ते पुष्कळ पुढे नेले. गंमत अशी की अगदी सर्वसाधारण रूपातला तो प्रश्न अजून कुणाला पुरता सुटलेला नाही!

निरोप्यांच्या जाती दोन. एक जात ऐकले तसे नुसते मोठे करून पुढे पाठवणाऱ्याची. त्यात निरोपाबरोबर मधला गोंगाटही मोठा होतो. आमचे ते पावसात भिजलेले ध्वनिमुद्रण याच जातीचे. दुसरी जात ऐकून, समजून, नव्याने स्वच्छ सांगणाऱ्याची. गोंगाट गळून जातो. पण समजण्यात चूक झाली तर तीही तितक्याच स्वच्छ आवाजात पुढे जाते. शाळेचा दवाखाना झाला तो असा! बार्शीच्या त्या भल्या गृहस्थाचा यात काही दोष नाही. त्याच्यापर्यंत आले तेच त्याने सांगितले. आणि म्हणूनच एका निरोप्यावर विसंबू नये. तीन वाटांनी आलेले तीन निरोप शेजारी ठेवून, ज्याच्यावर जास्त विश्वास त्याला जास्त वजन देऊन निवाडा करायचा. यंत्रे हेच करतात. आम्ही त्या रात्री न शिकता तेच केले.

आणि निरोप्यालाच दोन-दोन अँटेना दिल्या तर? मग त्याच्या अलीकडे चार वाटा, पलीकडे चार वाटा. मात्र पोरीने बजावले, की साखळीचे बळ तिच्या कच्च्या कडीइतकेच. एका बाजूला चार वाटा नि दुसऱ्या बाजूला एकच, तर निरोप अडायचा तो त्या एकीवरच. निरोप्या कुठे उभा करावा आणि बळ कसे वाटून द्यावे, हाच तिच्या प्रबंधाचा गाभा.

मी जुना खातेवाला. मला एक तोडगा सुचला. "मग आत्याच्या छपरावर बाजारातला एक बूस्टर बसवून टाकू!"

पोरगी माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, "काका, तुम्ही खात्यात होतात ना? परवान्याशिवाय तो लावणे कायद्याने गुन्हा आहे. आणि तो गोंगाटासकट सगळे मोठे करतो. मग मनोऱ्याला बाकीच्या गावाचे ऐकू येत नाही. सहकार आणि आरडाओरडा यांत फरक आहे."

मी गप्प बसलो. निवृत्त माणसाने गप्प बसायला शिकावे.

त्या दिवशी डोमगावलाही जाऊन आलो. सीनेकाठी तिथे कल्याणस्वामींचा मठ आहे. समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणांनी लिहून घेतला, असे परंपरा सांगते. पोरीने हात जोडले आणि हळूच म्हणाली, "दुसऱ्या जातीचा उत्तम निरोप्या!" मला तिचे बोलणे आवडले.

संध्याकाळी ओसरीवर आम्ही घरचा बंदोबस्त केला. एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत तीन माणसांची नावे नि नंबर लिहिले. एक परंड्याचे, एक बार्शीचे, एक पुण्याचे. तिघे तीन दिशांचे मुद्दाम, म्हणजे एकच आपत्ती तिघांना एकदम गाठणार नाही. नियम चार. निरोप लहान असावा. बोलणे लागत नसेल तर आधी लेखी संदेश धाडावा, कारण त्याला थोडीशी फट पुरते. ऐकणाऱ्याने निरोप उलट म्हणून दाखवावा. आणि तो एकाच नव्हे, निदान दोन वाटांनी धाडावा. वाचकहो, असा एक पुठ्ठा तुमच्याही घरी असू द्या. त्याला ना वीज लागते ना मनोरा.

पुठ्ठा खुंटीला टांगून झाल्यावर आत्याने तो लांब धरून वाचला. मग मला म्हणाली, "अरे, हे सगळं ठीक आहे. पण त्या पुरात कंबरभर पाण्यातून टेकाडावर चढून ज्या पोरानं आमचा आवाज तुला पाठवला, तो या पुठ्ठ्यावर कुठं आहे?"

तो मेंढपाळाचा पोर होता. त्याला आम्ही कुणी ओळखतही नव्हतो. पोरीने पेन काढले आणि पुठ्ठ्याच्या वरच्या मोकळ्या जागेत त्याचे नाव लिहिले; सगळ्यांच्या आधी.