एकच चित्रपट, तीन आवृत्त्या

वसईतील एका शाळेत पृथ्वीबाहेरील सजीवसृष्टी या विषयावर बोलण्यासाठी गेलो होतो. व्याख्यानानंतर चहाच्या वेळी वेगळाच वाद रंगला. विषय होता स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' हा गाजलेला विज्ञानपट. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "शेवटी नायक परग्रहावरच्या यानात शिरतो, पण यान आतून दाखवलेलेच नाही. मी तो मुंबईत थिएटरात पाहिला आहे." बारावीची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, दाखवलंय. मी घरी पाहिलंय." सरांना वाटले, मुलीची दुसऱ्याच चित्रपटाशी गल्लत होत आहे. मुलीला वाटले, सर विसरले आहेत.

प्रत्यक्षात दोघांचेही निरीक्षण बरोबर होते. दोघांनी पाहिलेली वस्तू मात्र एक नव्हती.

खालापूरजवळचे आकाश

या चित्रपटाशी आपला थोडा घरोबाही आहे. त्यातील भारतातले दृश्य फेब्रुवारी 1977 मध्ये खालापूरजवळच्या हाळ गावी चित्रित झाले. हा भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता, आज तो रायगड जिल्ह्यात आहे. मोठा जमाव पाच स्वरांची एक धून गात असतो. 'हे स्वर कोठून आले?' असे विचारताच शेकडो बोटे एकदम आकाशाकडे वळतात.

चित्रपट 1977 च्या अखेरीस प्रदर्शित झाला. स्पिलबर्ग यांना आणखी काही महिने हवे होते, पण निर्मिती करणारी कोलंबिया कंपनी थांबायला तयार नव्हती. चित्रपट यशस्वी झाल्यावर कंपनीने अपुरे राहिलेले काम करण्यासाठी पैसे दिले, पण एका अटीवर : यान आतून दाखवायचे. अशी 1980 ची आवृत्ती तयार झाली. तिच्यात काही जुनी दृश्ये गाळली आणि काही नवी घातली. वाळवंटात पडलेले 'कोटोपॅक्सी' हे जहाज त्या नव्या दृश्यांपैकीच. पुढे 1998 मध्ये स्पिलबर्ग यांनी तिसरी आवृत्ती केली. तिच्यात जहाज ठेवले, यानाचा अंतर्भाग मात्र काढून टाकला. सरांनी पहिली आवृत्ती पाहिली होती, मुलीने दुसरी.

चाहत्यांचा वाद अजून मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो, न दाखवलेले यान प्रत्येकाच्या मनात वेगळे उभे राहते. ते दाखवले की कल्पनेला जागा उरत नाही. दुसरा म्हणतो, दोन तास उत्सुकता वाढवल्यावर दार लावून घेणे बरे नव्हे.

हात न लावलेले मूळ तरी मूळ राहते का?

मग पहिली प्रत जपून ठेवली की प्रश्न सुटला, असे वाटेल. पण रसायनशास्त्र ते होऊ देत नाही. रंगीत फिल्मवरील चित्र पिवळा, किरमिजी आणि निळसर हिरवा अशा तीन रंगद्रव्यांच्या थरांनी बनते. हे तिन्ही थर सारख्या वेगाने फिके होत नाहीत. सत्तरच्या दशकातील अनेक प्रतींत निळसर हिरवा रंग आधी उडाला आणि सारे चित्र गुलाबी पडले.

फिल्मची पट्टी बहुधा सेल्युलोज ॲसिटेटची असे. दमट, उष्ण हवेत तिचे जलविच्छेदन होऊन ॲसेटिक आम्ल सुटते. डब्याचे झाकण उघडताच व्हिनेगरचा वास येतो. सुटलेले आम्ल पुन्हा त्याच अभिक्रियेचा वेग वाढवते, म्हणून नासाडी सुरुवातीला मंद आणि पुढे झपाट्याने होते. पावसाळ्यात कपाटातल्या फोटोंवर बुरशी पाहणाऱ्या वसईकराला दमट हवेचा प्रताप वेगळा सांगायला नको.

म्हणून जतन करणारे तंत्रज्ञ रंगीत चित्राच्या तीन वेगळ्या कृष्णधवल प्रती काढतात, प्रत्येक प्राथमिक रंगासाठी एक. त्यांतील चित्र चांदीच्या कणांचे असते. नीट जपल्यास ते रंगद्रव्यांपेक्षा पुष्कळ अधिक टिकते. तिन्ही प्रती एकत्र करून मूळचे रंग पुन्हा मिळवता येतात. उडालेला रंग परत आणणे हे जतन. नवे दृश्य घालणे हा बदल. वाद घालण्यापूर्वी हा फरक करायला हवा.

आक्षेप कशाला?

निर्मात्याने स्वतःच्या कृतीत बदल करू नये, असे म्हणणे कठीण आहे. खरी अडचण पहिली आवृत्ती दिसेनाशी झाली की येते. 'स्टार वॉर्स' 1977 मध्ये आला. जॉर्ज लुकास यांनी 1997 मध्ये संगणकाच्या साह्याने त्यात बदल केले आणि पुढे कित्येक वर्षे जुने रूप सहज मिळेनासे झाले. गंमत म्हणजे याच लुकास यांनी 1988 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे, जुन्या चित्रपटांत इतरांनी फेरफार करण्याविरुद्ध साक्ष दिली होती.

आपल्याकडचे उदाहरणही बोलके आहे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये केला आणि 1917 मध्ये तो पुन्हा चित्रित केला. जो भाग आज शिल्लक आहे तो 1917 चा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. भारतीय चित्रपटाचा पहिला दिवस म्हणून आपण जे पाहतो, ते कदाचित चार वर्षांनंतरचे आहे.

खाडाखोडीचा नियम

मला हा प्रश्न जवळचा वाटतो, त्याला एक कारण आहे. पीएच.डी. करताना मी एका एस्टरच्या जलविच्छेदनाचा वेग मोजत होतो. शेवटची दोन वाचने आलेखाच्या रेषेवर बसेनात. वाचण्यात चूक झाली असणार, असे समजून मी ती रबराने खोडली आणि 'बरोबर' आकडे लिहिले. प्रयोग पुन्हा केला तेव्हा तेच बिंदू पुन्हा रेषेबाहेर गेले. वर सांगितलेलाच प्रकार होता : तयार झालेले आम्ल अभिक्रियेला वेग देत होते. जे शोधायचे तेच मी पुसले होते. मार्गदर्शकांनी वही समोर ठेवली आणि एवढेच सांगितले, "एक आडवी रेघ मार. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी सही आणि तारीख."

पाठ्यपुस्तक बदललेच पाहिजे. 2006 मध्ये प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळल्यावर जुना धडा तसाच शिकवणे चूक ठरले असते. चित्रपटाचे तसे नाही. 1925 मध्ये बेपत्ता झालेल्या खऱ्या कोटोपॅक्सी जहाजाचे अवशेष फ्लॉरिडाजवळच्या समुद्रात असल्याचे 2020 मध्ये निश्चित झाले. म्हणून वाळवंटातले जहाज कोणी कापून टाकू नये. मात्र दोन्ही ठिकाणी एक नियम सारखाच आहे : नवे खुशाल लिहावे, त्यावर वर्ष घालावे आणि जुने वाचता येईल असे ठेवावे.

वर्गात करून पाहा

एकाच विषयाच्या पाठ्यपुस्तकाच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या मिळवा. एकच धडा शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना फरक शोधायला सांगा. प्रत्येक फरक नव्या माहितीमुळे झाला, चूक सुधारल्यामुळे झाला की केवळ मांडणी बदलल्यामुळे झाला, ते ठरवू द्या. नंतर प्रयोगवह्यांतले रबर आठवडाभर बंद ठेवा. वह्या थोड्या अस्वच्छ दिसतील. त्यासाठी गुण कापू नका.