विंचवापासून गव्हापर्यंत

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुठीत येऊ लागले. आधी डोकं खाजायचं, मग तीन-चार दिवसांत टक्कल. 'टक्कल व्हायरस' हे नावही पडलं. हा खारपाणपट्टा, त्यामुळे संशय आधी पाण्यावर गेला, मग बुरशीवर. लाजेपायी कित्येकांनी मुंडण केलं, मुलींची ठरलेली लग्नं मोडली.

या गावांच्या दुखण्याचा माग काढणाऱ्यांत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर होते. त्यांचं जन्मगाव शेजारच्याच जालना जिल्ह्यातलं देहेड. विष ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. १९७६ मध्ये ते कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीस दगावत. बावस्कर रात्र रात्र खाटेशेजारी बसून नाडी, घाम, रक्तदाब टिपत राहिले. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनलिनचा लोंढा सुटतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. त्यांची ही निरीक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरलं. रक्तदाबाची ही स्वस्त गोळी कुठल्याही आरोग्य केंद्रात ठेवता येते. मृत्यू शंभरात एकावर आले. माझ्या मते, ग्रामीण महाराष्ट्रातून जगाच्या वैद्यकाला इतकी मोठी देणगी क्वचितच गेली असेल. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

शेगावातही पद्धत तीच: रुग्ण काय खातो, ते आधी पाहायचं. त्यांनी रेशनचा गहू तपासून घेतला. किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांतही ते कैक पटींनी वाढलेलं होतं आणि जस्त घटलेलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण कणभर. जास्त झालं की ते केसांतल्या गंधकाची जागा घेतं, आणि केस मुळातून सैल होतात. हा गहू पंजाबातून आला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शिवालिकच्या पायथ्याच्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त असतं.

पुढे काहींची नखंही गळाली. बावस्करांच्या अहवालात १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद आहे. गहू रेशन दुकानात पोचण्याआधी त्यातलं सेलेनियम मोजलं जावं, एवढी सोय सरकारने या गावांसाठी करावीच.