पत्र्याखालचे वाळवंट

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतल्या सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातल्या लास वेगास शहरात एवढा पाऊस पडायला साधारण नऊ वर्षे जातात. या दोन गावांची गाठ घालून देणारे एक झाड हल्ली आपल्याकडे दिसू लागले आहे. मोहावीत आणि शेजारच्या सोनोरन वाळवंटात, खडकाळ उतारांवर वाढणारा हेजहॉग कॅक्टस आता घरबसल्या मागवता येतो. खोक्यातून निघून तो कामवारी नदीकाठच्या भिवंडीत, महापालिकेच्या नावातही ज्याचे नाव आहे त्या निजामपुऱ्यात, एखाद्या घराच्या गच्चीवर येऊन बसतो. पहिला उन्हाळा मजेत काढतो. जुलैच्या अखेरीस बोट लावले तर बुंधा आत दबतो, आणि मालक म्हणतो, "पाणी तर एक थेंबही घातलं नव्हतं!"

त्याचे म्हणणे खोटे नसते. पाणी घातले नव्हते तरी झाड सडले, यातच या लेखाचा सगळा विषय आला.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. जॉर्ज एंगेलमान हे मूळचे जर्मन, सेंट लुइस शहरात दवाखाना चालवणारे डॉक्टर. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात त्यांनी अमेरिकेतल्या निवडुंगांचा अभ्यास केला आणि १८४८ मध्ये एकायनोसेरियस ही प्रजाती नोंदवली. तिच्यातल्या साठ-सत्तर जातींना मिळून हेजहॉग कॅक्टस म्हणतात. अंग चोरून, काटे उभारून बसलेल्या हेजहॉग नावाच्या प्राण्यासारखेच झाड दिसते. वाळवंटातली खास जात म्हणजे एकायनोसेरियस एंगेलमानी. चार्ल्स पॅरी यांनी तिला एंगेलमान यांचेच नाव दिले. हिची खोडे वीतभरापासून दोन फुटांपर्यंत वाढतात, दहा ते तेरा उभ्या कंगोऱ्यांची असतात, आणि जुन्या झाडाला बुंध्यापासून फुटवे येऊन पन्नास-साठ खोडांचा गुच्छ होतो. फूल गडद गुलाबी, तळहाताएवढे. फळ लाल, गोड, खाण्याजोगे.

आपल्याकडे निवडुंग म्हटले की बांधावरचा त्रिधारी किंवा शेर डोळ्यांसमोर येतो. ती दोन्ही झाडे मोडली की पांढरा चीक येतो. ती युफोर्बियाच्या कुळातली, कॅक्टस नव्हेत. खरे कॅक्टस सगळे अमेरिकेचे. झाडाला लोंबणारी ऱ्हिप्सालिसची एक जात तेवढी आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही आढळते. फड्या निवडुंग आपल्याला कितीही गावठी वाटला तरी तो समुद्रापलीकडूनच आला. भिवंडीच्या कापडवाल्यांना गंमत वाटेल अशी त्याची एक गोष्ट आहे. कापडासाठी लाल रंग मिळावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीला कोशिनील किडा हवा होता. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी तो ब्राझीलहून कोलकात्याला आणला. रंग हलका निघाला, धंदा बुडाला, पण किड्याने फड्या निवडुंगाचा फडशा पाडला. पुढे १९२६ मध्ये या किड्याची दुसरी जात श्रीलंकेतून मुद्दाम आणली गेली. या वेळी रंगासाठी नव्हे, दक्षिणेत माजलेली निवडुंगाची राने हटवण्यासाठी.

आणि दोन कॅक्टस तर चांगले ओळखीचे आहेत, फक्त आपण त्यांना कॅक्टस म्हणत नाही. रात्री उमलणारे आणि शेजारीपाजाऱ्यांना हाका मारून दाखवले जाणारे आपले ब्रह्मकमळ हा कॅक्टसच. सांगली-सोलापूरकडच्या माळावर सिमेंटच्या खांबांवर चढवलेला ड्रॅगन फ्रूट हाही कॅक्टस. हे दोघे जंगलात, दुसऱ्या झाडांच्या आधाराने वाढणारे. दमट हवा त्यांच्या सवयीची. भिवंडीत ब्रह्मकमळ जगते म्हणून हेजहॉगही जगेल, असे मात्र समजू नये. पण ड्रॅगन फ्रूट लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

आता त्या सडलेल्या बुंध्याकडे येऊ. वाळवंटातल्या झाडाला पाऊस सोसत नाही, हा समज अर्धवट आहे. सोनोरन वाळवंटातल्या टक्सन शहराच्या वर्षभराच्या पावसातला जवळजवळ निम्मा पाऊस जुलै ते सप्टेंबर या महिन्यांतच पडतो, तोही गडगडाटासह. हेजहॉग पावसाला ओळखतो. त्याला अनोळखी आहे ते पावसानंतर परत न येणारे ऊन. तिकडे सर कोसळून गेली की तासा-दोन तासांत आभाळ मोकळे होते, खडक तापतो, मुळांभोवतीची ओल उडून जाते. इकडे ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो, आणि दोन सरींच्या मधली हवासुद्धा ओलीच असते. पापड वातड होतात, काडेपेटी पेटत नाही, मग कुंडीतली माती कशी वाळणार?

त्यात झाडाच्या पोटातल्या व्यवहाराची भर. बहुतेक वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. कॅक्टस ती रात्री उघडतात, घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून उन्हाच्या बळावर त्याचे अन्न करतात. हा व्यवहार थंड रात्र आणि लख्ख दिवस धरून बेतलेला आहे. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात रात्र उबदार आणि दिवस अंधारलेला. कमाई घटते, श्वसनातला खर्च वाढतो, झाड अशक्त होते, आणि ओल्या मातीतल्या बुरशीला आयते सावज मिळते. म्हणून परदेशी पुस्तकांतले "उन्हाळ्यात पाणी द्या, हिवाळ्यात तोडा" हे वेळापत्रक भिवंडीत जसेच्या तसे चालत नाही. आपल्याला झाडाला वर्षातून दोनदा झोपवावे लागते, पावसाळ्यात नाइलाजाने आणि हिवाळ्यात फुलांसाठी.

पावसाळ्यातली झोप छपरावर अवलंबून. मे महिन्यात भिवंडीतल्या घरांवर, कारखान्यांवर निळ्या ताडपत्र्या चढू लागतात, आणि त्याच ताडपत्रीचा तुकडा कुंड्यांवर टाकायचा मोह होतो. तो टाळा. निळ्या ताडपत्रीखाली पाऊस लागणार नाही, पण उजेडही मिळणार नाही. कॅक्टसचा शेंडा फिकट, बारीक, लांबुळका होतो. ही बारीक झालेली कंबर पुढे कितीही ऊन दिले तरी भरत नाही. हवा तो पारदर्शक फायबरचा किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा, कुंड्यांपासून चांगला चार-पाच फूट उंच, चारही बाजू मोकळ्या. पश्चिमेकडून पावसाची झड येते, त्या बाजूला पत्रा जरा खाली उतरवावा. पंखा लावता आला तर फारच छान. वीज जाते तेव्हा तोही थांबतो, हे भिवंडीकरांना सांगायला नको.

दुसरे काम मातीचे, आणि इथे मी जरा हट्टी आहे. नर्सरीतून आलेल्या कॅक्टसच्या मुळांशी बहुधा नुसता कोकोपीट असतो. नर्सरीला तो परवडतो, कारण हलका असतो आणि माल लवकर विकून जातो. आपल्या घरी तो पावसाळाभर ओला राहतो. झाड आणल्यावर आठवड्याभरात तो काढून टाकावा, मुळे सावलीत चार दिवस वाळू द्यावीत आणि मगच नवे मिश्रण भरावे. मिश्रण म्हणजे तीन भाग खडे आणि एक भाग माती-खत. खड्यांसाठी फोडलेली वीट, बारीक खडी किंवा प्युमिस, चाळून ३ ते ६ मिलिमीटरचे, धूळ धुऊन काढलेले. खत म्हणजे जुने, कुजून काळे झालेले गांडूळखत. ताजे शेणखत नको. काल्हेर-कशेळीच्या बाजूची खाडीची रेती स्वस्त पडते, पण तिच्यात मीठ असते. सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्यांच्या बॉयलरची राखही नको, ती खारट असते आणि कुठल्या बॉयलरात काय जळते याचा भरवसा नाही. कुंडी मातीची आणि लहान. झाडाच्या घेरापेक्षा इंचभर मोठी पुरे. मोठी कुंडी म्हणजे जास्त ओल. ती थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवावी, नाहीतर मे महिन्यात मुळे भाजतात.

काट्यांची भीती बाळगू नये. वर्तमानपत्राची जाड पट्टी घडी करून झाडाभोवती गुंडाळली की ते सहज उचलता येते.

भिवंडीतल्या यंत्रमागांच्या गल्लीत एक अडचण आहे, जी कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. मागांवरून उडणारी रुई काट्यांत अडकते. पांढरे पुंजके दिसतात आणि ते हुबेहूब पिठ्या ढेकणासारखे असतात. ज्याला हे ठाऊक नाही तो उगाच औषध मारत बसतो, आणि ज्याला ठाऊक आहे तो खरा पिठ्या ढेकूण आला तरी "रुई असेल" म्हणून सोडून देतो. टाचणीने पुंजका उचकटून पाहावा. रुई धाग्यासारखी ओढली जाते, ढेकूण चिरडला की चिकट ओलावा येतो. रुई असेल तर चित्रकलेच्या मऊ ब्रशाने झटकावी, कारण ती ओल धरून ठेवते. ढेकूण असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेला ब्रश संध्याकाळी फिरवावा. झाड विनाकारण वाढायचे थांबल्यासारखे वाटले तर कुंडीतून काढून मुळे बघावीत. तिथे राहणारा ढेकूण वरून दिसत नाही.

पाण्याचे म्हणाल तर फेब्रुवारी ते मे हा वाढीचा काळ. मिश्रण तळापर्यंत वाळले की संध्याकाळी भरपूर पाणी द्यावे, मग पुन्हा वाळेपर्यंत हात लावू नये. उन्हाळ्यात हा फेरा आठ-दहा दिवसांचा पडतो. एप्रिल-मेच्या दुपारी हलकी शेडनेट. महिन्यातून एकदा कृषी सेवा केंद्रात मिळणारे ०:५२:३४ हे विद्राव्य खत, लिटरला अर्धा ग्रॅम. १९:१९:१९ मध्ये नत्र जास्त, त्याने झाड फुगते आणि लवकर सडते. जूनच्या पहिल्या सरीआधी पाणी बंद. पावसाळ्यात झाड सुरकुतले तरी घाबरू नये, फार तर लांब उघडीप मिळाली तर घोटभर पाणी. पावसाचे पाणी मात्र बादलीत साठवून ठेवावे. बोअरच्या जड पाण्याने बुंध्यावर पांढरे क्षार चढतात, पावसाच्या पाण्याने नाही.

पावसाळा संपल्यावर घाई नडते. चार महिने पत्र्याखाली राहिलेले झाड ऑक्टोबरच्या उन्हात एकदम काढले तर दक्षिणेकडची बाजू भाजून पिवळी-तपकिरी होते आणि तो डाग कायमचा. आधी सकाळचे दोन तास, मग वाढवत न्यावे. पहिले पाणी आठवडाभर ऊन मिळाल्यावर. नोव्हेंबरच्या मध्यापासून पुन्हा पाणी बंद, ते थेट जानेवारीअखेरपर्यंत. भिवंडीची थंडी ती किती, पण तेवढी कोरडी थंडीही जितकी मिळेल तितकी द्यायची. याच उपासावर कळ्या ठरतात.

हेजहॉगची कळी इतर कॅक्टससारखी काट्यांच्या गादीतून अलगद येत नाही. गादीच्या जरा वर खोडाच्या सालीखाली फुगवटा येतो, साल ताणली जाते आणि शेवटी फाटून कळी बाहेर पडते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो रोगाचा फोड वाटतो, आणि असे फोड लोकांनी चाकूने कोरून काढल्याचेही ऐकले आहे. फूल सकाळी उमलते, रात्री मिटते, दुसऱ्या दिवशी पुन्हा उमलते, असे काही दिवस चालते. मधोमध हिरवागार स्त्रीकेसर, भोवती गुलाबी पाकळ्या. हा हिरवा रंग या प्रजातीची खूण आहे.

आता ड्रॅगन फ्रूट. त्याच्या तीनधारी खोडाचा वीतभर तुकडा रुजवून खुंट करायचा आणि त्यावर हेजहॉगच्या शेंड्याचे कलम बांधायचे. दोन्ही काप गुळगुळीत हवेत आणि मधली वर्तुळे एकमेकांना निदान एका बाजूला भिडली पाहिजेत. रबराने दाबून सावलीत ठेवले की दोन आठवड्यांत कलम धरते. मुळे जंगली कॅक्टसची असल्याने ती पावसाळ्याला बिचकत नाहीत. नर्सरीत मिळणारे लाल-पिवळ्या डोक्याचे कॅक्टस याच पद्धतीचे. तोटा एवढाच की कलमी हेजहॉग जरा फोपसा वाढतो, काटे विरळ होतात आणि काही वर्षांनी खुंट थकतो. शौकिनाला हे खटकते. मला खटकत नाही. सडलेल्या अस्सल झाडापेक्षा जिवंत कलम बरे. सडू लागलेल्या झाडाचा शेंडा वाचवायलाही हाच उपाय. स्वच्छ पात्याने आतला भाग निरोगी दिसेपर्यंत कापत जायचे आणि कलम बांधायचे.

जातींची निवडही महत्त्वाची. एंगेलमानी नवशिक्यासाठी नाही. गुलाबी-पांढऱ्या काट्यांचा, दुकानात सर्वांत देखणा दिसणारा रिजिडिसिमस तर डोंगरी, कोरड्या हवेचा, कोकणात रुसणारा. त्याऐवजी पेंटालोफस घ्यावा. टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोच्या सखल, उबदार भागातला हा कॅक्टस पसरत वाढतो, फुटव्यापासून रुजतो आणि चुका माफ करतो. पिवळ्या फुलांचा, जवळपास बिनकाट्यांचा सुबइनर्मिसही चालेल.

घेताना फूल पाहून घेऊ नका. शेंड्यावर गोंदाने चिकटवलेली सुकी फुले सर्रास विकली जातात. बुंधा दाबून पाहा, घट्ट हवा. कॅक्टसचे जवळजवळ सगळे कुळ रानटी जातींच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत असल्याने परदेशातून परस्पर मागवलेले, खोडावर जुन्या जखमा असलेले आणि मुळे तोडलेले झाड घेऊ नका, ते वाळवंटातून उपटलेले असू शकते. पुण्याजवळ सोरतापवाडी, उरुळी कांचन भागातल्या नर्सऱ्यांत किंवा पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात बियांपासून किंवा फुटव्यापासून वाढवलेले झाड आहे का, ते विचारून घ्या. प्रदर्शनात घेतलेल्या झाडाला घरी आणल्यावर लगेच पाणी घालू नका, फेब्रुवारी उजाडू द्या.